साक्षीला उभी राहिलेली आई

आश्विन लागला की आपल्या धानाच्या मुलुखाला थोडी उसंत मिळते. रोवणी कधीच आटोपलेली असते, निंदण झालेले असते, हलका धान निसवून लोंबीला आलेला असतो. घरोघर नवरात्राची गडबड असते. २००६ सालच्या २९ सप्टेंबरचा दिवस असाच होता. गावोगावी देवी बसली होती आणि बाया ओट्या भरायला निघाल्या होत्या. त्याच दिवशी दिवेलागणीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजी नावाच्या लहानशा गावात, एक आई आणि तिची तीन लेकरे जमावाने मारून टाकली.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघाला. त्याआधी आपली कोर्टकचेरी, आपला कलेक्टर, सारे भंडाऱ्यालाच होते. आजही आपल्या लेकी तिकडे दिलेल्या आहेत आणि तिकडच्या इकडे आलेल्या आहेत. तोच धान, तेच मामा तलाव, तीच बोली. तेव्हा खैरलांजी म्हणजे कुठले परके गाव, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

मेलेल्या आईचे नाव सुरेखा भोतमांगे. मुलगे सुधीर आणि रोशन, मुलगी प्रियंका. नवरा भैयालाल तेवढा वाचला. हे बौद्ध कुटुंब. गावात बौद्धांची घरे अगदी मोजकी, बाकी सारी वस्ती इतर शेतकरी समाजाची. भोतमांग्यांची थोडी शेती होती आणि त्या शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी बरीच वर्षे तंटा होता. घर साधे, कच्चे. पण सुरेखाबाईंनी मुलांना शिकवायचे मनावर घेतले होते. पोरगी सायकलीवरून शाळेत जात होती आणि अभ्यासात हुशार होती.

या प्रकरणावर त्या काळी पुष्कळ छापून आले, मोर्चे निघाले, नागपूर-अमरावतीपासून मुंबईपर्यंत रस्ते अडले. पण एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सुरेखाबाई मेल्या त्या निव्वळ शेताच्या रस्त्यावरून नाही. त्या साक्षीदार होत्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या गावच्या एका पोलीस पाटलाला खैरलांजीच्या काही माणसांनी मारहाण केली होती. तो भोतमांगे कुटुंबाच्या अडीअडचणीला धावून येणारा माणूस. मारहाण करणारे कोण, हे सुरेखाबाईंनी पोलिसांना सांगितले. त्यावरून माणसे पकडली गेली. २९ तारखेला ती जामिनावर सुटली आणि त्याच संध्याकाळी भोतमांग्यांच्या दारात आली.

बाई आपल्यासाठी नव्हे, दुसऱ्यासाठी बोलली होती. दुसऱ्याला मार बसला, आपण पाहिला, विचारले तेव्हा सांगितले, एवढेच. आणि तिच्यावर वेळ आली तेव्हा गावात माणसे होती, बायाही होत्या, पण कोणी पुढे झाले नाही. भैयालाल लपून पाहत राहिले, कारण समोर आले असते तर पाचवे प्रेत त्यांचे पडले असते. प्रेते कालव्यात टाकली गेली.

पुढे कोर्ट झाले. भंडाऱ्याच्या कोर्टाने १५ सप्टेंबर २००८ रोजी आठ जणांना दोषी ठरवले आणि २४ तारखेला सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. १४ जुलै २०१० रोजी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची शिक्षा केली. दोन्ही कोर्टांनी एक गोष्ट मानली नाही, ती ही, की हे खून जातीवरून झाले. त्यांच्या मते तो सूड होता. आता सूड होता यात शंका नाहीच. पण त्याच गावातल्या एखाद्या मोठ्या भावकीतल्या बाईने तीच साक्ष दिली असती, तर तिच्या दारात जमाव गेला असता का? हा प्रश्न मी कोर्टाला विचारत नाही, वाचणाऱ्याला विचारते आहे. भैयालाल भोतमांगे पुढली दहा वर्षे या प्रकरणाच्या मागे फिरत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले.

भगिनींनो, आपण सगळ्याच आया आपापल्या लेकरांना गप्प बसायला शिकवतो. मोठ्याच्या तोंडी लागू नको, भांडण दिसले की घरी ये, आपल्याला काय करायचे. पण काही आयांना हे शिकवणे जिवाच्या भीतीने करावे लागते. कुणाच्या अंगणात पाय टाकायचा, कुणाच्या विहिरीवरून बाजूने जायचे, कुणाच्या घरी पाणी मागायचे नाही, पाटलाचा मुलगा खोडी काढील तर मुकाट्याने वाट बदलायची. हे लेकराला सात-आठ वर्षांचे होईतो पढवावे लागते. पोर विचारते, "का म्हणून?" या 'का'ला त्या माउलीने काय उत्तर द्यावे? खरे सांगावे तर पोराचे मन करपते. न सांगावे तर पोर चुकून मार खाते. ही गोष्ट ज्या घरात कधी करावी लागली नाही, त्या घरच्या बाईला ती सांगून कळणे कठीण.

असे शिकवणे फक्त आपल्याकडेच चालते असेही नाही. अमेरिकेत काळ्या लोकांच्या घरी आया मुलांना हेच शिकवत आल्या. आपल्या शहाण्या माणसांनी हे नाते फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक काढले, ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली तिकडचे काळे विद्वान डु बॉइस यांना पत्र लिहून, तुमचे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज नेत आहेत त्याची प्रत मला मिळेल का, अशी विचारणा केली होती. १९७२ साली मुंबईत तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तिचे नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले.

त्याच अमेरिकेत मेमी टिल नावाची एक आई होऊन गेली. शिकागो या मोठ्या शहरात ती सरकारी कचेरीत काम करी. नवरा नाही, एकुलता एक मुलगा एमेट, वय चौदा. १९५५ च्या उन्हाळ्यात त्याला दक्षिणेत, मिसिसिपी प्रांतात, नातलगांकडे जायची हौस आली. तो सारा कापसाचा मुलूख. जमीन गोऱ्यांची, राबणारे काळे. मेमीचे नातलग मोझेस राइट तिथे बटाईने कापूस करीत. सुट्टी होती, चुलतभाऊ-आतेभाऊ होते, पोराला कोण अडवणार? तरी मेमीने जाण्याआधी त्याला बसवून समजावले, की ते शिकागो नाही, तिथे गोऱ्या माणसापुढे मान खाली घालावी लागते, वेळ पडली तर गुडघे टेकून माफी मागावी. आपल्याकडच्या आईने सांगितले असते तेच तिने सांगितले.

पोर शहरात वाढलेले. एका दुकानात गेला असता दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी त्याने गैर वागणूक केली, असा त्याच्यावर आळ आला. २८ ऑगस्टला रात्री दोन वाजण्याच्या सुमारास दुकानदार आणि त्याचा सावत्र भाऊ मोझेस राइटांच्या दारात आले आणि मुलाला झोपेतून उठवून घेऊन गेले. तीन दिवसांनी प्रेत नदीत सापडले. वर येऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात कापसाच्या जिनिंगमधला जड लोखंडी पंखा तारेने बांधला होता. चेहरा ओळखू येत नव्हता. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली, ती अंगठी त्याच्या मेलेल्या बापाची.

तिथल्या अधिकाऱ्यांना प्रेत तिथल्या तिथे पुरून टाकायचे होते. मेमीने ते शिकागोला आणवले. पेटी उघडायची नाही अशी ताकीद होती. तिने ती उघडायला लावली. मुलाला डोक्यापासून पायापर्यंत तिने स्वतः पाहिले. मग ती म्हणाली, की अंत्यविधीला पेटी उघडीच राहील, माझ्या लेकराचे काय केले ते साऱ्यांना पाहू द्या. हजारो माणसे रांग लावून आली. काळ्या लोकांच्या 'जेट' साप्ताहिकात फोटो छापला गेला. लेकराचा विद्रूप झालेला चेहरा जगासमोर मांडायला त्या आईचे काळीज कसे धजले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आपल्याकडे मेलेल्याचे तोंड नीट झाकतात, हळद-कुंकू लावतात, वाईट दिसू नये म्हणून धडपडतात. तिनेही तेच केले असते तर कोणी तिला नावे ठेवली नसती.

खटला मिसिसिपीतच चालला. पंचांच्या जागी बसलेले बाराही गोरे पुरुष. आणि इथे मोझेस राइटांची गोष्ट येते. चौसष्ट वर्षांचा तो बटाईदार शेतकरी भर कोर्टात उभा राहिला, आणि माझ्या घरातून पोराला नेणारे हेच, असे गोऱ्या माणसांकडे बोट करून त्याने सांगितले. त्या काळी त्या मुलुखात काळ्या माणसाने असे बोट उचलणे म्हणजे मरणाला बोलावणे होते. शेतावर काम करणाऱ्या विली रीड या अठरा वर्षांच्या पोरानेही, गोठ्यातून मारल्याचे आवाज ऐकले, अशी साक्ष दिली. साक्षीनंतर दोघांनाही घरदार सोडून शिकागोला निघून जावे लागले. कापूस वेचणीला आलेला होता. शेतकऱ्याला उभे पीक सोडून जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. विली रीडला पुढे नाव बदलून राहावे लागले.

पंच तासाभरातच परत आले आणि आरोपी सुटले. काही महिन्यांनी त्याच दोघांनी एका मासिकाकडून पैसे घेऊन, होय, आम्हीच मारले, असे छापून आणले. एकदा सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला चालत नव्हता. मेमी टिल पुढे शाळामास्तरीण झाली, मुलांना भाषणे पाठ करायला शिकवू लागली, आणि २००३ साली वारली. जमावाने माणूस मारण्याविरुद्धचा कायदा अमेरिकेत झाला तो मार्च २०२२ मध्ये, त्याला एमेट टिलचेच नाव आहे. मुलगा जाऊन तोवर सहासष्ट वर्षे झाली होती.

ही गोष्ट एवढी सविस्तर सांगण्याचे कारण असे, की मेमी टिलच्या मागे साक्षीला उभे राहणारे दोघे होते. खटला हरला तरी तिचे बोलणे हवेत गेले नाही. सुरेखाबाई स्वतःच दुसऱ्याच्या मागे उभी राहिलेली साक्षीदार होती, आणि तिच्या मागे गावातून कोणी उभे राहिले नाही. बोलणारी आई दोन्हीकडे होती. फरक शेजाऱ्यांत होता.

बाया बोलत नाहीत, अशी एक समजूत आहे. आपल्याकडच्या बाया तर पावणेदोनशे वर्षांपासून लिहून बोलत आहेत. पुण्याला फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापला गेला. मांग-महारांच्या बाया उघड्यावर बाळंत होतात, डोक्यावर छप्पर नसते, त्यांचे हाल कोण जाणतो, असे तिने त्यात विचारले आहे. ज्या वयात पोरींना बाळंतपणाचे बोलायला आपण लाजवतो, त्या वयात तिने हे लिहिले. आणि १९४२ च्या जुलैत आपल्याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची महिला परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बायांची एवढी गर्दी झाली, की बाबासाहेबांनी त्याचे खास कौतुक केले. त्या गर्दीत आपल्या वैनगंगेकाठच्या कितीजणी भाकरी बांधून गेल्या असतील!

पण घरात राहून बोलणे हे परिषदेत बोलण्याहून अवघड. बेबीताई कांबळे यांची हकिकत पाहा. १९२९ चा जन्म, संसार साताऱ्याकडे फलटणला. लग्न लहानपणी झाले, दहा लेकरे झाली, त्यातली तीन गेली. नवऱ्याला कामधंदा मिळेना तेव्हा थोडी द्राक्षे आणून विकायला बसल्या, त्यातून पुढे किराणा दुकान झाले. दुकानात बसून, सामान बांधायला आणलेले छापील कागद वाचता वाचता त्यांना लिहायची ओढ लागली. आपल्या समाजाच्या बायांचे जगणे त्यांनी वह्यांत उतरवले आणि त्या वह्या घरच्यांना दिसू नयेत म्हणून वीस वर्षे लपवून ठेवल्या. ज्या बाईने गावाच्या अन्यायाबद्दल निर्भयपणे लिहिले, तिला भीती होती ती आपल्याच घरातल्या पुरुषांची. हे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. फलटणला राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन बाईंनी त्या लिखाणाची किंमत ओळखली आणि छापायचा आग्रह धरला. ते 'स्त्री' मासिकातून आले, १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. बेबीताईंनी पुढे निंबुरे गावी गोरगरिबांच्या मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. २०१२ साली त्या गेल्या. इथेही पाहा, वह्या वीस वर्षे तयार होत्या. कमी होती ती कोणीतरी येऊन "दाखवा बघू, काय लिहिले" असे म्हणण्याची.

दुसरे नाव उर्मिला पवार यांचे. त्या कोकणातल्या, रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या. बाप शिक्षक होता, मुलांनी शिकावे असा त्याचा हट्ट. तो लवकर गेला. मग आईने बांबूची सुपे, टोपल्या, रोवळ्या विणून मुलांना वाढवले. कोकणात या विणलेल्या जिनसांना 'आयदान' म्हणतात. आपल्याकडे हे काम बुरडांकडे आहे. धान पाखडायचे सूप हातात घेतले की कोणीतरी बोटे सोलून ते विणले आहे, याची आपल्याला आठवणही होत नाही. उर्मिलाताईंनी २००३ साली आपल्या आत्मकथेला 'आयदान' हेच नाव दिले.

त्यात त्यांच्या शाळेतला एक प्रसंग आहे. गुरुजींनी जातीकडे बघून या मुलीला शेण काढायला लावावे, आणि एकदा तिने ऐकले नाही म्हणून तोंडात मारावी. पोर रडत घरी आली. आई बाहेर विणत बसली होती. गुरुजी त्याच वाटेने निघाले तेव्हा त्या विधवा बाईने त्यांना भर रस्त्यात अडवले. माझ्या पोरीला का मारले, मी इथे बसून हाताने विणते ते तिने शिकावे म्हणून, पुन्हा हात लावून बघा, अशा अर्थाचे तिने सुनावले. कधी कुणापुढे न बोलणारी आई बोलली, आणि त्यानंतर पोरीच्या वाटेला ते काम आले नाही. मुलीने हे आयुष्यभर मनात ठेवले. पुढे उर्मिलाताई सरकारी नोकरीत लागल्या, संसार सांभाळून मोठेपणी एम.ए. झाल्या, कथा लिहू लागल्या. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरांच्या चळवळीतल्या जुन्या बाया शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांचे बोलणे उतरवून घेतले. ते 'आम्हीही इतिहास घडवला' या नावाने १९८९ साली छापले गेले.

उर्मिलाताईंवर एक मोठा घाव पडला. तरणाताठा मुलगा गेला. त्यांच्या आईनेही हाताशी आलेला मुलगा गमावला होता आणि ती विणता विणता त्याच्या नावाने रडे. लहानपणी त्या रडण्याचा त्यांना कंटाळा येई. स्वतःवर वेळ आली तेव्हा आईचे ते विणणे आणि आपले लिहिणे हे एकाच दुःखाचे काम आहे, असे त्यांना उमगले. लेकरू जाण्याचे दुःख जात विचारून येत नाही. आपल्या गावात तर साप चावून, तलावात बुडून, वीज पडून, आणि अलीकडे कर्जापायी फास लावून गेलेल्या मुलांच्या आया प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. मात्र एकीच्या दारात सांत्वनाला सारे गाव जाते, चहा होतो, दहावा-तेरावा होतो. आणि दुसरीच्या दारात फक्त तिच्या टोळीतली माणसे जातात. हे आपण पाहतो, बोलत कोणी नाही.

रोवणीच्या वेळी मात्र निराळेच चित्र असते. चिखलात वाकलेल्या बायांच्या ओळीत पोवारीण असते, कुणबीण असते, गोंडीण असते, ढिवरीण असते, बौद्ध बाई असते. पऱ्ह्यांची जुडी एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाते, गाणे एकीने उचलले की दुसरी पुढे नेते. पाण्याची वेळ झाली, की पुष्कळ गावांत आता सगळ्या एकाच गुंडातून पितात. काही ठिकाणी अजूनही वरून ओंजळीत ओतण्याची रीत आहे. ज्याने त्याने आपापल्या गावचे तपासून पाहावे.

आमच्या ओळखीच्या एका गावी गेल्या काही वर्षांतली गोष्ट. बायांनी एका मालकाच्या बांध्या गुत्त्याने रोवायला घेतल्या होत्या. हिशेबाच्या वेळी एक बौद्ध बाई म्हणाली, की जमीन सांगितली त्याहून जास्त भरते. मालक तापला. "तुला केव्हापासून मोजता यायला लागलं?" असे टाकून बोलला, आणि बोलण्याचा रोख पैशाकडून तिच्या जातीकडे गेला. बाकीच्या बाया चिखलाचे पाय धूत राहिल्या. तेवढ्यात मालकाच्याच भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "खरं हाये तिचं. मी बी पावलानं मोजलं." भाषण नाही, भांडण नाही. दुसऱ्या दिवशी टेप आणून मोजले आणि राहिलेले पैसे दिले. म्हातारीशी पुतण्या महिनाभर बोलला नाही म्हणे. तिला त्याचे फारसे काही वाटले नसावे, कारण पुढच्या साली ती पुन्हा त्याच ओळीत होती.

हे लहान प्रकरण झाले. मोठे प्रकरण झाले तर काय करायचे, हेही ठाऊक असावे. बोलायची हिंमत असूनही कायदा माहीत नाही म्हणून माणूस ठाण्याच्या दारातून परततो.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखण्याचा कायदा १९८९ चा. २०१५ साली तो दुरुस्त झाला आणि २६ जानेवारी २०१६ पासून दुरुस्ती लागू आहे. तिच्यात पीडितांचे आणि साक्षीदारांचे हक्क स्वतंत्र मांडले आहेत. साक्षीदाराला संरक्षण देण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि चौकशीला किंवा कोर्टात जायचा प्रवासखर्चही मिळतो. म्हणजे साक्ष द्यायला मजुरी बुडवून, पदरचे एस.टी.चे भाडे भरून जावे लागते, असे नाही. तोंडी दिलेली फिर्याद पोलिसाने लिहून घ्यायची, सही-अंगठ्याआधी ती वाचून दाखवायची. अधिकाऱ्याने जाणूनबुजून हे टाळले तर त्यालाच शिक्षा आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत झाली म्हणून परत पाठवता येत नाही; कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. बाईला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते.

जातीच्या कायद्यात न बसणाऱ्या प्रकरणांतही साक्षीदाराला भीती असेल तर संरक्षण मागता येते. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठीची योजना मान्य केली आणि ती देशभर लागू केली. अर्ज जिल्ह्यातच करायचा असतो. वकिलाला द्यायला पैसे नसतील तरी अडत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कुठल्याही जातीच्या बाईला, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही, मिळकत किती हे न विचारता वकील फुकट मिळतो. गोंदियाच्या जिल्हा कोर्टात त्याची कचेरी आहे. फोन करायचा तर १५१०० हा नंबर आहे. जातीच्या अत्याचारासाठी १४५६६, आणि जिवावर बेतले तर ११२.

सुरेखाबाईंच्या वेळी यातले फार थोडे होते, आणि जे होते ते त्यांच्या दारापर्यंत वेळेवर पोचले नाही. कायदा आज कागदावर पुष्कळ सुधारला आहे. तरी पहिली साक्ष देणारी बाई ठाण्याच्या पायऱ्या चढते तेव्हा तिच्याबरोबर आणखी एक बाई गेलेली बरी, आणि ती दुसऱ्या मोहल्ल्यातली असेल तर अधिक बरी. फिर्याद लिहून झाली की तिची प्रत जागच्या जागी मागून घ्यावी. ती फुकट मिळते. घरी आणून सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवावी आणि एक झेरॉक्स त्या दुसऱ्या बाईच्या घरी.